२,१४,७४,८३,६४७ : एका मूळ संख्येविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या कोणती, आणि ती वाचायची कशी?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. अंक दहा, अंकांची बेरीज ४६. एकतीस वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करा आणि उत्तरातून १ वजा करा, की ही संख्या मिळते. म्हणून ती २^३१ − १ अशी लिहितात. या पानावर ^ ही खूण ‘घात’ अशी वाचावी. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली, तर ती एकापुढे एक एकतीस वेळा १ अशी दिसते. मधे एकही शून्य नाही.

मूळ संख्या तर अनंत आहेत. मग हिच्यासाठी वेगळं पान कशाला?

२ पासून मोजत आलं तर ही १०,५०,९७,५६५ वी मूळ संख्या आहे. तिच्या आधीच्या साडेदहा कोटींपैकी बहुतेकींविषयी ‘ती मूळ आहे’ याच्यापुढे सांगण्यासारखं फारसं काही नसतं. हिच्याविषयी मात्र अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आजही ती आपल्या खिशातल्या फोनमध्ये काम करते आहे.

पण माझ्या दृष्टीनं खरं कारण वेगळं आहे. मूळ संख्येच्या पोटात शिरता येत नाही, कारण १ आणि ती स्वतः यांच्याखेरीज तिला विभाजकच नसतात. तिचा स्वभाव कळतो तो शेजाऱ्यांवरून: एकानं लहान असलेली संख्या आणि एकानं मोठी असलेली संख्या. आपल्या संख्येचे दोन्ही शेजारी पूर्ण उलगडलेले आहेत. त्यातला पलीकडचा शेजारी, २^३१, इतका साधा आहे की खाली येणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याच्यामुळेच घडते.

२ च्या कुठल्याही घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते का?

नाही. आधी घातांक स्वतः मूळ असावा लागतो. कारण समजायला १११११ किंवा ११११११ अशा एक्यांच्या रांगा डोळ्यांपुढे आणा. सहा एक्यांची रांग तीन-तीनच्या गटांत तोडता येते, म्हणून ११११११ ला १११ नं भाग जातो: १११ × १००१. दोन-दोनच्या गटांतही तोडता येते: ११ × १०१०१. ही तोडमोड दहामान पद्धतीत चालते तशीच द्विमानातही चालते. द्विमानातले सहा एक्के म्हणजे ६३, आणि ६३ = ७ × ९ = ३ × २१. रांगेची लांबी संयुक्त असेल तर रांग अशी तुटणारच. एकतीसची रांग समान गटांत तोडता येत नाही.

पण तेवढ्यानं काम भागत नाही. ११ मूळ आहे, तरीही २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. म्हणजे घातांक मूळ असणं ही फक्त पहिली अट आहे.

मर्सेन मूळ संख्या म्हणतात त्या याच का?

हो. २ च्या घातापेक्षा एकानं कमी असलेल्या मूळ संख्यांना हे नाव सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मोपदेशक मारें मर्सेन यांच्यावरून पडलं. १६४४ मध्ये त्यांनी २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. ३१ मात्र बरोबर होता, आणि २,१४,७४,८३,६४७ ही आठवी मर्सेन मूळ संख्या ठरली.

त्यांच्याही आधी, १५८८ मध्ये, इटलीच्या पिएत्रो कताल्दी यांनी २^१७ − १ आणि २^१९ − १ मूळ असल्याचं एकेक भागाकार करून दाखवलं होतं. २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही चालतील असं त्यांचं म्हणणं होतं. चारांपैकी ३१ तेवढा खरा ठरला. २^२३ − १ ला ४७ नं भाग जातो, २^२९ − १ ला २३३ नं, आणि २^३७ − १ ला २२३ नं.

ती मूळ आहे हे कोणी सिद्ध केलं?

लिओनार्ड ऑयलर यांनी, १७७२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला. बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कळवलं. त्या वेळी ते पासष्टीच्या घरात होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. त्या अवस्थेतल्या माणसानं दहा अंकी संख्येची तपासणी पूर्ण करावी, हे मी कितीही वेळा वाचलं तरी थांबून विचार करायला लावतं.

पण हजारो भागाकार न करता त्यांनी हे कसं साधलं?

या पानावरचं सगळ्यात सुंदर गणित इथंच आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

साधी पद्धत अशी: संख्या संयुक्त असेल तर तिचा एखादा मूळ अवयव तिच्या वर्गमुळाच्या आत असलाच पाहिजे. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० आणि थोडं वर आहे. तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. प्रत्येकीनं भागून बघायचं म्हटलं तर कागद-लेखणीनं महिने जातील.

ऑयलरनी आधी विचारलं: अवयव असलाच, तर तो कसा दिसेल? समजा ‘अ’ ही मूळ संख्या २^३१ − १ ला निःशेष भागते. मग २^३१ ला ‘अ’ नं भागल्यावर बाकी १ उरते. २, ४, ८, १६... यांना ओळीनं ‘अ’ नं भागत गेलं आणि फक्त बाक्या लिहिल्या, तर एकतिसाव्या पायरीला १ येतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. ३१ मूळ असल्यामुळे हे चक्र त्याहून लहान असू शकत नाही. दुसरीकडं, फ्रेंच गणिती फर्मा यांचा प्रसिद्ध नियम सांगतो की ‘अ’ वजा १ इतक्या पायऱ्यांनंतर बाकी १ यायलाच हवी. म्हणजे ‘अ’ वजा १ ला ३१ नं भाग गेला पाहिजे. ‘अ’ विषम आहे, म्हणून ‘अ’ वजा १ सम. दोन्ही मिळून ‘अ’ ला ६२ नं भागलं की बाकी १ उरली पाहिजे.

एवढ्यानंच उमेदवारांची गर्दी पांगते. पण ऑयलर आणखी एक पाऊल पुढं गेले. २^३१ ची बाकी १, म्हणजे २^३२ ची बाकी २. आणि २^३२ हा तर २^१६ चा वर्ग! म्हणजे ‘अ’ च्या जगात, ‘अ’ नं भागून उरणाऱ्या बाक्यांच्या जगात, २ ही एक वर्गसंख्या आहे. ज्या मूळ संख्यांच्या जगात २ हा वर्ग असतो, त्यांना ८ नं भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. ६२ ची अट आणि ८ ची अट एकत्र केल्यावर दोनच रांगा उरतात: २४८ च्या पटीत १ मिळवलेल्या, आणि २४८ च्या पटीत ६३ मिळवलेल्या.

४६,३४० पर्यंत या दोन रांगांत, ६३ सोडून, ३७२ संख्या आहेत. त्यातल्याही ज्या स्वतः संयुक्त आहेत त्या सोडून देता येतात. २४९ = ३ × ८३, जाऊ द्या. ३११ मूळ आहे, तिनं भागून पाहा: बाकी ३५ उरते, जमलं नाही. ४९७, ५५९, ७४५, ८०७... एकामागून एक गळतात, आणि पुढचा खरा उमेदवार थेट १३०३. असं करत शेवटापर्यंत गेलं की प्रत्यक्ष भागाकार शंभराच्या आतच उरतात. एकही निःशेष जात नाही, म्हणून संख्या मूळ.

कताल्दींच्या चुकाही या नियमात नेमक्या बसतात. घातांक २३ असेल तर अवयवाला ४६ नं भागून बाकी १ उरली पाहिजे. पहिलाच उमेदवार ४७, आणि तोच अवयव निघाला.

आज संगणक असे भागाकारच करतो का?

मोठ्या मर्सेन संख्यांसाठी नाही. १८७६ मध्ये फ्रान्सच्या एद्वार ल्युका यांनी २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं एकही भाजक न तपासता दाखवलं. अमेरिकेच्या डी. एच. लेमर यांनी पुढं ती पद्धत नेटकी केली. कृती अशी: ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आणि तपासायच्या संख्येनं भागून बाकी ठेवा. पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोननं कमी इतक्या वेळा केल्यावर बाकी ० आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. मधली वाट नाही.

लहान उदाहरण ३१ चं, म्हणजे २^५ − १ चं. ४; मग १६ − २ = १४; मग १९६ − २ = १९४, ३१ नं भागून बाकी ८; मग ६४ − २ = ६२, बाकी ०. तीन पायऱ्यांत निकाल लागला. आपल्या संख्येला अशा २९ पायऱ्या लागतात.

ही चाचणी इतकी सोपी का? पलीकडच्या शेजाऱ्यामुळे. त्याच्या पोटात २ शिवाय दुसरा मूळ अवयव नाही, म्हणून नुसते वर्ग करत गेलं तरी पुरतं. शेजारी गुंतागुंतीचा असलेल्या सामान्य संख्येला इतका आखूड रस्ता मिळत नाही. कुठलीही संख्या मूळ आहे का हे तिच्या अंकांच्या मानानं माफक मर्यादेतल्या वेळात खात्रीनं सांगणारी पद्धतही आहे. ती २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली आणि जगभर तिचं कौतुक झालं. पण मर्सेन संख्यांसाठी ल्युका-लेमर चाचणी आजही कितीतरी वेगवान आहे.

हिच्यानं भागून बाकी काढणं सोपं असतं, असं म्हणतात. ते कसं?

शाळेत ९ ची कसोटी शिकलेली आठवते का? अंकांची बेरीज करा, तिला ९ नं भाग जातो का ते बघा. ती चालते कारण १० ला ९ नं भागल्यावर बाकी १ उरते. म्हणून दशक, शतक, हजार सगळे एककासारखेच वागतात.

आता दहाच्या जागी २^३१ ठेवा. त्याला आपल्या संख्येनं भागलं की बाकी १. म्हणजे त्या मोठ्या पद्धतीत २,१४,७४,८३,६४७ ही साक्षात ‘९’ आहे. कुठलीही संख्या २^३१ च्या ठिकाणी दोन तुकड्यांत तोडा, वरचा तुकडा खालच्यात मिळवा, की बाकी हाती आली. उदाहरणार्थ ७^१५ = ४७,४७,५६,१५,०९,९४३. यात २^३१ हे २,२१० वेळा बसतं आणि १,६२,२६,४७,८६३ उरतात. दोन्हींची बेरीज १,६२,२६,५०,०७३, आणि हीच बाकी. भागाकाराची गरजच नाही, आणि संगणकाला तर असे तुकडे पाडणं हा हातचा मळ आहे.

शेजाऱ्यांविषयी जरा सविस्तर सांगाल का?

अलीकडचा शेजारी २,१४,७४,८३,६४६. त्याचे अवयव: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. पलीकडचा २,१४,७४,८३,६४८: निव्वळ २ चा एकतिसावा घात.

जुळी मूळ संख्या, म्हणजे दोनच्या अंतरावरची जोडीदार, हिला नाही. दोननं लहान संख्येच्या शेवटी ५ आहे, आणि दोननं मोठीला ३ नं भाग जातो. सर्वांत जवळच्या मूळ संख्या म्हणजे अलीकडे २,१४,७४,८३,६२९ आणि पलीकडे २,१४,७४,८३,६५९.

आणि दुप्पट करून १ मिळवला तर? २^३२ − १ = ४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. या पाच संख्या म्हणजे आजवर माहीत असलेल्या सगळ्या फर्मा मूळ संख्या, म्हणजे २ च्या घातापेक्षा एकानं मोठ्या असलेल्या विषम मूळ संख्या. फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येणाऱ्या, बाजूंची संख्या विषम असलेल्या समभुज-समकोन बहुभुजांपैकी आज माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या बहुभुजाला इतक्या बाजू असतात. मर्सेनच्या अंगणातून दोन पावलं टाकली की फर्माचं अंगण लागतं, हे मला फार विलोभनीय वाटतं.

ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

नाही. ४ नं भागल्यावर बाकी ३ उरणारी कुठलीही मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज होत नाही. आपली संख्या तर ८ नं भागल्यावर बाकी ७ देते, त्यामुळे तीन वर्गांतही बसत नाही. चार वर्ग लागतातच.

मग ‘वर्तुळावर २^३१ बिंदू’ हे काय प्रकरण आहे?

वर्तुळाचं समीकरण असं: क्ष चा वर्ग अधिक य चा वर्ग बरोबर १. आता क्ष आणि य या नेहमीच्या संख्या न घेता एखाद्या मूळ संख्येनं भागून उरणाऱ्या बाक्या घ्या. ७ घेऊन बघा. (१, ०), (६, ०), (०, १), (०, ६) हे चार बिंदू सरळ दिसतात. शिवाय २ चा वर्ग ४, ५ चाही वर्ग २५ म्हणजे बाकी ४, आणि ४ + ४ = ८ म्हणजे बाकी १. म्हणून (२, २), (२, ५), (५, २), (५, ५) हेही बिंदू वर्तुळावर आले. एकूण आठ, म्हणजे ७ + १.

४ नं भागून बाकी ३ देणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येच्या बाबतीत असंच होतं: बिंदू एकानं जास्त. आपल्या संख्येचं वर्तुळ घेतलं तर बिंदू नेमके २^३१. ते अर्धे करता येतात, पुन्हा अर्धे, पुन्हा अर्धे, असं एकतीस वेळा. एरवी गणिती लोक अलीकडच्या शेजाऱ्याची मदत घेतात, पण तो इथं एकदा अर्धा केला की विषम होतो आणि काम अडतं. २०२४ मध्ये पुढं आलेल्या ‘सर्कल स्टार्क’ या गुप्त-पुरावा तंत्रात, म्हणजे माहिती उघड न करता गणना बरोबर झाल्याची खात्री पटवण्याच्या पद्धतीत, हेच वर्तुळ वापरलं आहे. ऑयलरच्या संख्येला इतक्या वर्षांनी हे नवं काम मिळालं.

परिपूर्ण संख्येशी तिचा संबंध काय?

ज्या संख्येच्या (ती स्वतः सोडून) सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते ती परिपूर्ण. २८ = १ + २ + ४ + ७ + १४. युक्लिडनी दाखवलं होतं की मर्सेन मूळ संख्या मिळाली की तिच्यापासून परिपूर्ण संख्या तयार होते. सर्व सम परिपूर्ण संख्या अशाच असतात हे ऑयलरनी सिद्ध केलं. आपल्या संख्येला २^३० नं गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या मिळते: २३०५८४३००८१३९९५२१२८.

१८११ मध्ये इंग्लंडचे पीटर बार्लो यांनी लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही. अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, म्हणून पुढं जाण्याचे कष्ट कोणी घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पासष्ट वर्षांनी ल्युकांनी ते खोटं ठरवलं. १८८३ मध्ये रशियातल्या इवान पेर्वुशिन या पाद्र्यानं मर्सेनच्या यादीतून निसटलेली २^६१ − १ ही शोधली. कुतूहलासाठी माणसं किती कष्ट घेतात याचा अंदाज बार्लोंना आला नाही.

रोजच्या ओळखीच्या गोष्टींत ती कुठं दिसते?

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. पहिल्या एकतीस घरांतले दाणे एकत्र केले तर बरोबर २,१४,७४,८३,६४७ भरतात.

मराठी कवितेची वृत्तं शिकलेल्यांना ‘यमाताराजभानसलगं’ आठवत असेल. तीन अक्षरांच्या लघु-गुरूंच्या मांडण्या आठ, म्हणून गण आठ. हा हिशेब पिंगलाच्या छंदःशास्त्राइतका जुना आहे. एकतीस अक्षरांची ओळ घेतली तर मांडण्या २^३१ होतात. सगळी अक्षरं लघू असलेली एकच ओळ बाजूला काढली, की उरतात तितक्या आपली संख्या.

तिसरं उदाहरण हनोईच्या मनोऱ्याचं. खुंटीवरच्या चकत्या दुसऱ्या खुंटीवर न्यायच्या, मोठी कधी लहानीवर ठेवायची नाही. हे कोडं १८८३ मध्ये आणलं ते याच ल्युकांनी. एकतीस चकत्यांसाठी कमीत कमी २,१४,७४,८३,६४७ चाली लागतात. सेकंदाला एक चाल केली तर अडुसष्ट वर्षं. हा अडुसष्टचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

संगणकात ही संख्या सारखी का दिसते?

बऱ्याच आज्ञावलींत पूर्णांक ठेवायला ० किंवा १ च्या ३२ जागा असतात. ऋण संख्याही ठेवायच्या असल्यामुळे धन संख्यांसाठी ३१ उरतात. त्या सगळ्या १ नं भरल्या की झाली आपली संख्या. यापेक्षा मोठी धन संख्या तिथं मावत नाही. एक मिळवला की बहुतेक वेळा थेट −२,१४,७४,८३,६४८ दिसते.

खेळांमधले गुण किंवा पैसे या आकड्यावर अडकतात ते याचमुळे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये एका कोरियन गाण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर इतक्यांदा पाहिला गेला की मोजणीसाठी ६४ जागांचा पूर्णांक वापरावा लागल्याचं यूट्यूबनं सांगितलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं बोइंग ७८७ विमानांबाबत सूचना काढली: सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनित्रांच्या नियंत्रकातला मोजणीचा आकडा ओसंडतो आणि वीज बंद पडू शकते. २^३१ शतांश सेकंद म्हणजे २४८ दिवस आणि साधारण १३ तास.

म्हणजे संगणकानं मुद्दाम मूळ संख्या निवडली आहे?

नाही, हा निव्वळ योग आहे. १६ जागांच्या पूर्णांकाची मर्यादा ३२,७६७ = ७ × ३१ × १५१; ती मूळ नाही. ६४ जागांची मर्यादा २^६३ − १ सुद्धा नाही, कारण ६३ संयुक्त आहे आणि तिला ७ नं दोनदा भाग जातो. ३२ मधून १ गेल्यावर ३१ उरले आणि ३१ हा चालणारा घातांक निघाला, एवढंच.

२०३८ सालाची भीती ती हीच का?

हो. कित्येक यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रिनिच वेळ) किती सेकंद झाले यावरून. सेकंदांची ही गणती ३१ जागांत ठेवली असेल तर ती अडुसष्ट वर्षांनी भरते: १९ जानेवारी २०३८, मंगळवार, भारतीय वेळ सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला असं घड्याळ १३ डिसेंबर १९०१ (ग्रिनिच वेळ) दाखवेल. १९७० च्या त्या मध्यरात्री कोणी एकतीस चकत्यांचा हनोईचा मनोरा हलवायला घेतला असता, तर त्याची शेवटची चालही याच क्षणी झाली असती.

नवे फोन आणि संगणक वेळेसाठी ६४ जागा वापरतात, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती कारखान्यांत, मीटरमध्ये, जुन्या उपकरणांत वर्षानुवर्षं बसवून ठेवलेल्या लहान संगणकांची. ते तपासायचं काम आत्ताच करायला हवं. ती सकाळ उजाडेपर्यंत थांबून चालणार नाही.

यादृच्छिक (रँडम) आकडे काढायला ती कशी वापरतात?

कुठलाही आकडा घ्या, १६,८०७ नं गुणा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा. पुन्हा तेच करा. १ पासून निघालं तर १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३ (ही बाकी आपण वर काढलीच आहे). १९६९ मध्ये सुचवलेली ही कृती १९८८ मध्ये स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी किमान दर्जाचं माप म्हणून मांडली, आणि सी++ भाषेत ती आजही आहे. दहा हजारावा आकडा १,०४,३६,१८,०६५ आला तर तुमची आज्ञावली बरोबर.

१६,८०७ च का? तो ७ चा पाचवा घात आहे. ७ चे घात घेत गेलं तर १ ते २,१४,७४,८३,६४६ यातली एकूण एक संख्या बाकी म्हणून एकेकदा येते आणि मगच चक्र पूर्ण होतं. हे खरं की नाही ते अलीकडच्या शेजाऱ्याचे अवयव माहीत असल्यामुळे लगेच तपासता येतं. आणि त्या अवयवांत ५ नसल्यामुळे पाचवा घात घेऊनही चक्र तेवढंच लांब राहतं.

बँकेचे व्यवहार गुप्त ठेवायला ही संख्या चालेल का?

चालणार नाही. तिथं साधारण तीनशे अंकांच्या, आणि कुणालाच माहीत नसलेल्या मूळ संख्या लागतात.

तिलाच घातांक केलं तर पुन्हा मूळ संख्या मिळेल का?

हा प्रश्न फार मोहात पाडतो, कारण सुरुवात आशादायक आहे. २^३ − १ = ७, २^७ − १ = १२७, २^१२७ − १ मूळच. ५ पासून निघालं तर ३१, आणि ३१ पासून आपली संख्या. मग २^२१४७४८३६४७ − १? ती लिहायला चौसष्ट कोटींहून अधिक अंक लागतील, पण ती मूळ नाही. तिला २९५२५७५२६६२६०३१ नं भाग जातो. ऑयलरचा नियम इथंही लागू आहे: या अवयवातून १ वजा करा आणि २,१४,७४,८३,६४७ नं भागा, उत्तर येतं १,३७,४९०.

ती अजून सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या आहे का?

आता नाही, पण तो मान तिच्याकडे कित्येक दशकं होता. १८६७ मध्ये फ्रान्सचे फॉर्चुने लांद्री यांनी २^५९ − १ चा ३२,०३,४३,१७,८०,३३७ हा मूळ अवयव शोधला, तोवर तर ती खूप मागं पडली. आज सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या मर्सेनच्याच घराण्यातली आहे: २^१३६२७९८४१ − १, अंक ४,१०,२४,३२०. अमेरिकेच्या ल्यूक ड्युरांट यांनी ती शोधल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या गिम्प्स या प्रकल्पात कोणीही आपला संगणक या शोधाला लावू शकतो.

घरी, कागदावर, मला स्वतःला काही करून बघता येईल?

नक्की. थेट २,१४,७४,८३,६४७ वर जाऊ नका. तिच्या धाकट्या बहिणीपासून सुरू करा. १२७ ची ल्युका-लेमर चाचणी पाच ओळींत होते: ४, १४, ६७, ४२, १११, ०. एवढं जमलं की ८,१९१ घ्या, म्हणजे २^१३ − १. अकरा पायऱ्या आहेत, साधं कॅल्क्युलेटर पुरतं. बाकी काढताना भागाकार न करता वरची ‘तुकडे करून बेरीज’ वापरा: ८,१९२ किती वेळा बसतात ते पाहा आणि उरलेल्यात तो आकडा मिळवा. मधे ४,८७० येईल, ३,९५३ येईल, एकदा अचानक नुसते ३६ येतील, तिथं गोंधळू नका. शेवटून दुसऱ्या ओळीत १२८ दिसले की जपून लिहा: १२८ चा वर्ग १६,३८४, त्यातून २ गेले १६,३८२, आणि ते म्हणजे ८,१९१ ची बरोबर दुप्पट.